मिलि की मिली? दशमान उपसर्गांची मुळे आणि मराठी लेखन

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जूनच्या अखेरीस आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातील पावसाची बातमी होती. मथळ्यात ‘मिमी’ होते, खालच्या मजकुरात ‘मि.मी.’, तालुकावार आकड्यांच्या चौकटीत ‘मिलीमीटर’ आणि बातमीच्या शेपटाला, जो मजकूर बहुधा दुसऱ्या वार्ताहराकडून आला असावा, ‘मिलिमीटर’. एकाच पानावर एकाच मापाची चार रूपे पाहिल्यावर ३४ वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो, तसा माझाही गेला. पाऊस त्यामुळे कमीजास्त पडला नाही, हे मलाही कळते. तरी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण मिलि, सेंटि, किलो असे मापांच्या नावांपुढे लागणारे हे उपसर्ग आले कुठून, इतर भाषांनी ते कसे पचवले आणि मराठीने त्यांना ऱ्हस्व वेलांटी द्यावी की दीर्घ, या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि पहिल्या दोन नीट पाहिल्या की तिसरीचे उत्तर फारसे अवघड राहत नाही.

‘एवढ्याशा अक्षराने काय बिघडते’ असे म्हणणाऱ्यांसाठी घरातलाच एक प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी माझ्या पत्नीला रुग्णालयातून घरी सोडताना तिथल्या एका कर्मचाऱ्याने, आम्हाला वाचता यावे म्हणून, गोळ्यांची यादी आपुलकीने मराठीत लिहून दिली. थायरॉईडच्या गोळीपुढे त्याने ‘५० मि.ग्रॅ.’ असे लिहिले होते आणि गोळ्यांच्या पट्टीवर मात्र ५० मायक्रोग्रॅम छापलेले होते. मायक्रोचे मराठीत लघुरूप काय करायचे हे त्याला कोणीच शिकवलेले नव्हते, ‘मा.ग्रॅ.’ लिहिले असते तर कोणाला उलगडले नसते, म्हणून त्याने हाताच्या सवयीचा ‘मि’ घातला असावा. दोन्हींत फरक हजारपटीचा आहे. औषधाच्या दुकानदाराने कागद पाहिला, हसला आणि म्हणाला, ‘‘काका, एवढ्या ताकदीची गोळी निघतच नाही.’’ निघत नाही म्हणून निभावले.

आता मुळाकडे वळतो. हे उपसर्ग जन्मले फ्रान्समध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत. ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने तिथे मीटर, लिटर, ग्रॅम ही नावे रूढ करण्यात आली आणि त्यांच्या दशपटी व दशांश सांगण्यासाठी पुढे जोडायचे छोटे शब्द ठरवण्यात आले. पटींसाठी ग्रीक शब्द घेतले: डेका, हेक्टो, किलो आणि दहा हजारांसाठी मिरिया. भागांसाठी लॅटिन घेतले: डेसि, सेंटि, मिलि. शब्द ग्रीक की लॅटिन एवढे कळले की माप मोठे की लहान हेही कळावे, अशी ही सुबक वाटणी होती. यातला मिरिया पुढे मागे पडला आणि १९६० साली वजनमापांच्या जागतिक परिषदेने आधुनिक एककांची पद्धत मान्य केली तेव्हा तिच्या यादीत तो नव्हता. आपल्याकडचा दहा हजारांसाठीचा ‘अयुत’ हा शब्द असाच पोथीत राहून गेला, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

सुबक वाटणी करणाऱ्या या मंडळींनी ग्रीक शब्दांची मोडतोड मात्र बिनदिक्कत केली. हजाराला ग्रीकमध्ये ‘खिलिओई’ म्हणतात. त्यातला पहिला वर्ण ‘ख’सारखा आहे आणि तो फ्रेंचमध्ये एरवी ‘सीएच’ या जोडाक्षराने लिहितात. त्या हिशेबाने ‘खिलिओ’ किंवा निदान ‘खिलो’ व्हायला हवे होते, पण झाले ‘किलो’, तेही फ्रेंचमध्ये क्वचितच लागणारे ‘के’ हे अक्षर वापरून. शंभराला ‘हेकातोन’ म्हणतात, त्याचे मधले अक्षर गिळून ‘हेक्टो’ केले. एकोणिसाव्या शतकातील व्याकरणप्रेमींनी यावर नाके मुरडली, पण तोवर दुकानांतल्या वजनांवर ती नावे कोरली गेली होती. माझ्या मते झाले ते बरेच झाले, कारण बाजारात तोंडात बसणारा शब्द टिकतो आणि ‘खिलिओग्रॅम बटाटे’ कोणी मागितले नसते.

खुद्द ग्रीसमध्ये काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ग्रीकांनी आपला शब्द दुरुस्त करून घेतला. अंतर सांगताना ते ‘खिलिओमेत्रो’ म्हणतात, सेंटिमीटरला ‘एकातोस्तो’ म्हणजे शतांश आणि मिलिमीटरला ‘खिलिओस्तो’ म्हणजे सहस्रांश म्हणतात. पण भाजी घेताना त्यांच्याही तोंडी फ्रेंचांकडून परत आलेला ‘किलो’च असतो. माहेरचा शब्द सासरी जाऊन नवे रूप घेऊन परतला आणि माहेरच्यांनी त्याला ओळख न दाखवता पाहुणा म्हणून ठेवून घेतला, असा हा प्रकार आहे. इटालियनमध्ये ‘सीएच’चा उच्चार ‘क’ होतो, म्हणून तिथे किलो लिहितात ‘सीएच’ने आणि वाचतात आपल्यासारखाच, म्हणजे फ्रेंचांनी घालवलेले मूळ वळण इटलीने नकळत परत आणले. पोर्तुगीजने ‘के’ टाळून ‘क्यू-यू’ने आपला ‘किलो’ लिहिला. जर्मनीत सेंटिमीटरचा ‘त्सेंटिमेटर’ होऊन झेडने सुरू होतो, तुर्कस्तानात ‘सान्तिमेत्रे’ होतो. रशियन भाषेत ‘ह’ नाही, त्यामुळे हेक्टर तिथे ‘गेक्तार’ झाला. अरबीत ‘प’ नाही, म्हणून पिको तिथे ‘बिको’ होतो. अमेरिकन इंग्रजीत डेका ‘के’ने लिहितात आणि आंतरराष्ट्रीय दप्तरात ‘सी’ने, आणि त्यावर कोणी कोणाशी भांडत नाही.

मराठी वाचकाने मात्र हे शब्द परके मानण्याचे फारसे कारण नाही. ‘सहस्र’ या शब्दाची फोड भाषाशास्त्रज्ञ ‘स’ म्हणजे एक आणि ‘हस्र’ म्हणजे हजार अशी करतात, आणि हा ‘हस्र’ व ग्रीक ‘खिलिओई’ एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत. प्राचीन इराणी धर्मग्रंथ अवेस्तातले ‘हजङ्र’ आणि त्यातून आलेला फारसी ‘हजार’ हाही त्याच घरचा. म्हणजे आपण ‘हजार रुपये किलो’ असे म्हणतो तेव्हा सख्खे चुलतभाऊ शेजारी बसवतो. ‘हेकातोन’मधला ‘कातोन’, लॅटिन ‘केंतुम’ आणि आपले ‘शतम्’ हे एकच. डेका आणि डेसि म्हणजे ‘दश’. मेगा म्हणजे ‘महा’, आणि हे केवळ अर्थाने नाही तर व्युत्पत्तीनेही. वर्गात मी हे सांगत असे तेव्हा मागच्या बाकावरचीही मुले मान वर करीत. आपला हात धरून चालणारा शब्द पाठ करावा लागत नाही.

विसाव्या शतकात विज्ञानाला फार मोठी आणि फार लहान मापे लागू लागली, तशी यादी दोन्ही टोकांनी वाढली आणि ग्रीक-लॅटिनची सुबक वाटणीही मोडली. मायक्रो आणि मेगा, म्हणजे ग्रीकमधले लहान आणि मोठे, हे १८७३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी वापरात आणले होते. १९६० च्या यादीत त्यांच्या जोडीला नॅनो, पिको, गिगा आणि टेरा आले. नॅनो म्हणजे बुटका, गिगा म्हणजे महाकाय आणि टेरा म्हणजे अक्राळविक्राळ प्राणी. मोबाइलच्या दुकानात ‘एक टेराबाइट’ मागणाऱ्या तरुणाला आपण राक्षस मागतो आहोत याची कल्पना नसते. पिको स्पॅनिशमधून आला. १९६४ साली फेम्टो आणि अट्टो आले ते तर डॅनिश भाषेतले, ‘फेम्तेन’ म्हणजे पंधरा आणि ‘अत्तेन’ म्हणजे अठरा. दशांशचिन्हानंतर पंधराव्या व अठराव्या स्थानासाठी हे शब्द निवडले.

त्यानंतरचे मोठे उपसर्ग एका सूत्राने बांधलेले आहेत, आणि ते सूत्र संस्कृत अंक येणाऱ्याला लगेच ओळखू येते. टेरा हा राक्षसावरून आला असला तरी तो दिसतो ‘टेट्रा’ म्हणजे चारमधले एक अक्षर गळल्यासारखा, आणि तो आहेही हजाराचा चौथा घात. तोच खेळ पुढे नेऊन १९७५ साली पाचव्या घातासाठी ‘पेंटा’मधला अनुस्वार काढून ‘पेटा’ केला आणि सहाव्यासाठी ‘हेक्सा’मधला ‘ह’ काढून ‘एक्सा’. १९९१ साली सातव्यासाठी ‘सेप्ट’वरून ‘झेटा’ आणि आठव्यासाठी ‘ऑक्टो’वरून ‘योटा’ झाला. ‘स’ऐवजी ‘झ’ घेतला, कारण ‘एस’ हे सेकंदाचे चिन्ह आहे, आणि ‘ओ’च्या आधी ‘य’ लावला, कारण ‘ओ’ आणि शून्य यांत गोंधळ झाला असता. नोव्हेंबर २०२२ मध्ये नऊ आणि दहासाठी ‘रोना’ आणि ‘क्वेटा’ मान्य झाले. वर्णमालेतील बाकीची अक्षरे या ना त्या एककाने आधीच अडवलेली होती, म्हणून ‘आर’ आणि ‘क्यू’ घ्यावे लागले. पंच, षट्, सप्त, अष्ट, नव, दश अशी ही सरळ पंगत आहे, फक्त प्रत्येकाने थोडा वेश बदलला आहे. पृथ्वीचे वस्तुमान ग्रॅममध्ये सांगायचे तर सुमारे सहा रोनाग्रॅम भरते. आपल्याकडच्या ‘एकं दहं शतं’ या मालिकेतला परार्ध एकावर १७ शून्यांचा, क्वेटा ३० शून्यांचा. (पाकिस्तानातील क्वेट्टा शहराचा याच्याशी संबंध नाही, हे जाताजाता सांगून टाकतो, कारण तो प्रश्न मला विचारला गेला आहे.)

पूर्वेकडच्या भाषांनी आणखी वेगळी वाट धरली. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकात मीटरसाठी तांदळाचे अक्षर घेतले, निव्वळ उच्चार जवळचा म्हणून, आणि त्याला हजाराचे अक्षर जोडून किलोमीटर, केसाचे अक्षर जोडून मिलिमीटर अशी जोडचित्रे बनवली. एका चौकोनात मावणारा मिलिमीटर! आज तिथे ती फारशी दिसत नाहीत, उच्चारानुसार सरळ ‘किरो’, ‘मिरि’ लिहितात. चिनी भाषेत मेगासाठी ‘चाओ’ हे अक्षर ठरवले, पण तेच अक्षर तैवान व जपानमध्ये एकावर १२ शून्यांसाठी वापरतात, म्हणजे हजार-पाचशे नव्हे तर दहा लाखपटीचा घोळ. नॅनोमीटरला चीनमध्ये ‘नामी’ आणि तैवानमध्ये ‘नाय्मी’ म्हणतात. स्वभाषेत भाषांतर करून उपसर्ग घ्यावेत असा आग्रह आपल्याकडेही कधीमधी डोकावतो. सहस्रमान, शतांशमान हे शब्द ऐकायला भारदस्त आहेत, यात शंका नाही. पण आपल्याकडे ‘दशमान’ या एका शब्दानेच दहाचा पाया असलेली संख्यालेखनाची रीत आणि मीटर-किलोची पद्धत या दोन्हींना सांभाळावे लागते, हे पाहता भाषांतराच्या वाटेला न गेलो ते योग्यच झाले असे मी म्हणेन.

भारताने १९५६ च्या कायद्याने ही मापे स्वीकारली, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, ऑक्टोबर १९५८ पासून बाजारात नवी वजने येऊ लागली आणि १९६२ पासून ती सक्तीची झाली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. मण, शेर, छटाक यांचे कोष्टक अजून पाठ करून घेत होते आणि जोडीला ‘किलो हेक्टो डेका मीटर डेसी सेंटी मिली’ ही नवी आरतीही सुरू झाली होती. आजोबा ‘पावशेर’ म्हणत ते अखेरपर्यंत, फक्त तागडीत पाव किलोचे वजन पडू लागले. आजही लोखंडाच्या दुकानात ‘तीन सूत’ आणि ‘दहा एमएम’ या दोन्ही नावांनी तीच सळई मिळते.

प्रत्येक समाज या उपसर्गांतला एखादा उचलून स्वतंत्र शब्द म्हणून घरी नेतो, ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत जिवंत गोष्ट वाटते. इटलीत खाटकाच्या दुकानात ‘एत्तो’ मागतात, म्हणजे हेक्टोग्रॅम, १०० ग्रॅम. ऑस्ट्रिया, हंगेरी, पोलंड येथे ‘डेका’ मागतात, म्हणजे १० ग्रॅम. फिनलंडच्या स्वयंपाकघरात ‘देसी’ने म्हणजे डेसिलिटरने दूध मोजतात. आपण ‘किलो’ घेतला आणि तो इतका पचवला की त्याला विभक्ती लागते, ‘किलोला काय भाव’, ‘दोन किलोंची पिशवी’, ‘किलोभर’. हेक्टो आपण विसरलो असे वाटते खरे, पण तो शेतात दडून बसला आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहितात ते हेक्टर, आर, चौरस मीटर या क्रमाने. हेक्टर म्हणजे हेक्टो अधिक आर, मधला ‘ओ’ गळून. आर म्हणजे १०० चौरस मीटर, आपल्या गुंठ्याहून (१०१.१७ चौरस मीटर) एका पावलाएवढाच लहान, म्हणून गावात आर आणि गुंठा एकच समजतात. पुष्कळांना तो इंग्रजी अक्षरमालेतला ‘आर’ वाटतो. प्रत्यक्षात तो लॅटिन ‘आरेआ’वरून आला आणि त्या शब्दाचा एक अर्थ आहे मळणीचे खळे. ‘चाळीस आर’ म्हणणारा शेतकरी दोन हजार वर्षे जुनी ४० खळी मोजत असतो. बाजार समितीतला क्विंटलही असाच लांबून फिरून आलेला: लॅटिनमधला ‘शंभरांचा’ या अर्थाचा शब्द ग्रीकमधून अरबीत ‘किंतार’ झाला आणि परत युरोपात जाऊन क्विंटल. सेंटिमीटरातला सेंटि आणि हा क्विंटल एकाच शंभराची दोन तोंडे, एक भाग सांगणारे आणि एक पट सांगणारे. गणपतीत ज्याच्या बातम्या येतात त्या डेसिबलमध्येही डेसि आहे, बेल या एककाचा दहावा भाग.

आता मूळ मुद्दा. नावे प्रत्येक भाषेने आपल्या रीतीने लिहावीत, चिन्हे मात्र सर्वत्र सारखी असावीत, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. (रशियाने चिन्हेही आपल्या लिपीत ठेवली, पण ती ठरवून आणि सक्त नियमाने.) तेव्हा मराठीने आपली रीत ठरवायची आहे, आणि अडचण येते ती फक्त तीन उपसर्गांची. किलो, हेक्टो, मायक्रो, नॅनो हे ‘ओ’ने संपतात, डेका, मेगा, गिगा ‘आ’ने; तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच उद्भवत नाही. इकाराने संपतात ते नेमके तीन लॅटिन उपसर्ग: डेसि, सेंटि, मिलि. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांनुसार मराठी शब्दाच्या अंती येणारा इकार दीर्घ लिहायचा, म्हणून आपण ‘कवी’ लिहितो. पण तोच शब्द समासात पहिला आला की मूळ ऱ्हस्व राहतो, म्हणून ‘कविराज’. हा नियम तत्सम शब्दांसाठी सांगितलेला आहे आणि मिलि काही संस्कृत नव्हे, हा आक्षेप मला माहीत आहे आणि तो बरोबरही आहे. तरी या उपसर्गांची स्थिती तशीच आहे. मूळ लॅटिनमध्ये हा जोडणारा स्वर ऱ्हस्व, आपण ‘मिलिमीटर’ भरभर म्हणतो तेव्हाही तो ऱ्हस्वच ऐकू येतो आणि तो शब्दाच्या अंती नसून मध्ये आहे. बंगालीत तो ऱ्हस्वच लिहितात. दीर्घ वेलांटी आपल्याकडे बहुतेक हिंदीतून आली, जशी ‘किलोग्राम’ अधूनमधून डोकावते. (ग्रॅमच्या बाबतीत मात्र आपण हिंदीपेक्षा नशीबवान आहोत, आपले ग्रॅम आणि गाव यांत गल्लत होत नाही.) म्हणून जोडशब्दात सेंटिमीटर, मिलिलिटर, डेसिमीटर, आणि ‘दहा मिली औषध’ असे सुटे म्हटले तर ‘मिली’, कारण तेव्हा तो पूर्ण शब्द झाला. शाळेतल्या त्या आरतीत आम्ही ‘डेसी सेंटी मिली’ लांबवून म्हणत होतो, तेही याच न्यायाने चुकीचे नव्हते.

माझ्या नातीच्या वहीत मध्यंतरी ‘सेंटिमीटर’ला लाल रेघ मारलेली होती आणि वर ‘सेंटीमीटर’ लिहून अर्धा गुण कापला होता. त्या शिक्षिकेला मी दोष देत नाही. तिच्यापुढे वर्तमानपत्र एक लिहिते, फलक दुसरे आणि खताच्या पोत्यावर तिसरेच असते. मुलीने विचारले, ‘‘आजोबा, मग बरोबर कोणते?’’ तेव्हा मी वर लिहिलेले सगळे तिला सांगितले, त्यावर ती म्हणाली, ‘‘पण गुण मिळेल का?’’

लघुरूपांबद्दलही थोडे. रोमन चिन्ह हे संक्षेप नसते, म्हणून त्यापुढे टिंब येत नाही आणि त्याचे अनेकवचन होत नाही. दुकानांच्या पाट्यांवरचे ‘केजीएस’ कुठल्याच भाषेत शुद्ध नाही. रोमनमध्ये लहान ‘एम’ म्हणजे मिलि आणि मोठा ‘एम’ म्हणजे मेगा, दोन्हींत शंभर कोटींची पट. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत, म्हणून आपल्याला ‘मि’ आणि ‘मे’ असा स्वर बदलून भेद करावा लागतो. तोही पुरत नाही, कारण ‘मि.’ म्हणजे मिनिटही असते. मराठी विश्वकोशाने मधली टिंबे काढून ‘मिमी.’, ‘किमी.’, ‘सेंमी.’ अशी रूपे रूढ केली, ती मला सर्वांत नेटकी वाटतात. माझे म्हणणे एवढेच, की शेवटचे टिंबही सोडून द्यावे, वाक्य तिथेच संपल्याचा भास होतो. सेंमीवरचा अनुस्वार मात्र कोणी गाळू नये, कारण ‘सेमी’ म्हटले की आपल्याकडे पालकांना शाळेतले सेमी इंग्रजीच आठवते. मायक्रोचे लघुरूप तर करूच नये. जागा कितीही कमी असो, ‘मायक्रोग्रॅम’ आणि ‘मायक्रोमीटर’ पूर्ण छापावे. प्लास्टिकच्या पिशव्यांच्या बातम्यांतला ‘मायक्रॉन’ हा शब्द आंतरराष्ट्रीय परिषदेने १९६७ सालीच रद्द केलेला आहे, पण पिशव्यांच्या जाडीची चर्चा त्याशिवाय होत नाही. तो आता लोकांचा शब्द झाला आहे आणि त्याला हात लावण्यात अर्थ नाही.

आपल्या संपादकीय विभागाकडे लेखनाची काही अंतर्गत टिपणी असेलच. तिच्यात सेंटि, मिलि आणि डेसि यांसाठी एक ओळ वाढवावी आणि तालुक्याच्या वार्ताहरांपर्यंत ती पोहोचवावी, एवढी विनंती आहे. आरोग्यविषयक पुरवणीत मायक्रोग्रॅमची ओळ जाड ठशात घ्यावी.

आणखी एक मागणे धरणसाठ्याच्या तक्त्याविषयी. आपण कोयनेचा साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, देता आणि जायकवाडीचा दलघमीत, आणि वाचक दोन धरणांची तुलना करू शकत नाही. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर हा शब्द कानाला ओबडधोबड लागतो, पण तो अतिशय नेमका आहे: १०० मीटर लांब, रुंद आणि उंच अशा घनात मावते तेवढे पाणी, म्हणजेच एक घन हेक्टोमीटर. स्पेनमधील वर्तमानपत्रे धरणांचे आकडे याच हेक्टोमीटरच्या घनात देतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दलघमी, या हिशेबाने कोयनेची १०५.२५ टीएमसीची क्षमता सुमारे २,९८० दलघमी होते आणि जायकवाडीची २,९०९ दलघमी आहे. दोन्ही स्तंभ शेजारी छापले तर साताऱ्याच्या आणि छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला एकच तक्ता वाचता येईल, आणि त्यासाठी पानावर फक्त दोन सेंटिमीटर जागा जास्त लागेल.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक,
सातारा